गेरू, खिळे, तारा आणि पिक्सेल: कला आणि निरोपांच्या साधनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलेच्या साधनांवर बोलायला उभं राहिलं की शेवटी चिठ्ठ्या येतात. चिठ्ठ्यांच्या जागी आता मोबाइलवरचे निरोप आले, प्रश्न मात्र बरेचसे तेच राहिले. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एक कल आधीच सांगून ठेवतो: मला थोर शोधांपेक्षा बारीकसारीक वस्तूंचं वेड जास्त. दिव्याची वात, शाईतलं तेल, ट्यूबचं झाकण. कलेचा रस्ता बरेचदा अशाच वस्तूंनी वळवला, असं माझं मत आहे आणि ते उत्तरांत डोकावणारच.

१. तंत्रज्ञान म्हणजे यंत्रं. मग गुहेतल्या चित्रांचा त्याच्याशी काय संबंध?

गुहेत आत शिरलं की पहिली अडचण चित्राची नसते, अंधाराची असते. फ्रान्समधल्या लास्को गुहेतली चित्रं सुमारे १७,००० वर्षांपूर्वीची, आणि ती दिव्याच्या उजेडातच काढावी लागली. लाल वालुकाश्मातून कोरलेला, पळीसारखा दांडा असलेला, चरबीवर जळणारा एक दिवा तिथे सापडला आहे. हे तंत्रज्ञान नाही तर काय?

रंगाचंही तसंच. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचं रंग कालवण्याचं साहित्य मिळालं: मोठ्या शिंपल्यांत गेरूची पूड, कोळसा, हाडाचे तुकडे, आणि सोबत घोटायचे दगड. म्हणजे कुणाला तरी कृती ठाऊक होती, प्रमाण ठाऊक होतं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका रानडुकराच्या चित्राचं वय किमान ४५,५०० वर्षं ठरलं आहे. त्याच्या मागच्या बाजूला हाताचे छापही आहेत. हात भिंतीवर टेकवायचा आणि त्यावर रंग फुंकायचा. हात काढला की हाताएवढी जागा कोरी राहते. स्प्रे पेंट आणि स्टेन्सिल, दोन्ही एकदम.

२. लेखनाचा शोध कविता आणि धर्मग्रंथ जपण्यासाठी लागला ना?

नाही, हिशेबासाठी. मेसोपोटेमियातल्या उरुक शहरातल्या इ.स.पू. ३३००च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर प्रामुख्याने धान्य, गुरं, बिअर आणि मजुरांचा शिधा यांच्या नोंदी आहेत. कविता आली, पण बरीच नंतर.

इजिप्तमध्येही लिहिलेल्या पपायरसचे सर्वांत जुने नमुने म्हणजे एका मुकादमाची रोजनिशी. मेरेर नावाचा हा माणूस इ.स.पू. २५६०च्या सुमारास आपल्या माणसांना घेऊन गिझाच्या मोठ्या पिरॅमिडसाठी होडीतून चुनखडीचे दगड वाहत होता, आणि कुठल्या दिवशी कुठे मुक्काम केला ते लिहीत होता. पिरॅमिडवर आजवर कितीही अद्भुत लिहिलं गेलं असो, बांधकामावरच्या माणसाने मागे ठेवली ती हजेरी आणि खेपा. मला ही गोष्ट फार आवडते.

३. लिहायचं साधन बदललं की अक्षरही बदलतं का?

बदलतं. ओल्या मातीवर रेघ ओढली की मातीची वरंबी उठते आणि अक्षर बिघडतं. म्हणून बोरू ओढायचा सोडून टेकवायला लागले, आणि टेकवलेल्या कोपऱ्याचा ठसा पाचरीसारखा उमटला. कीलाकार लिपीचं सगळं रूप त्या एका सवयीतून आलेलं आहे.

ताडपत्राबद्दल नेहमी सांगतात की लोखंडी लेखणीने आडवी सरळ रेघ कोरली तर पान धाग्याच्या दिशेने चिरतं, म्हणून दक्षिणेतल्या लिप्या गोलाकार झाल्या. स्पष्टीकरण देखणं आहे, पण सगळंच त्यावर टांगू नये. उत्तरेत ताडपत्रावर कोरत नसत, शाईने लिहीत. तिथे चिरण्याचं भय नव्हतं. म्हणजे पान एकच, पण लेखणी वेगळी आणि अक्षराचं वळणही वेगळं. साधन म्हणजे नुसता पृष्ठभाग नव्हे, हातातली वस्तूही त्यात धरावी लागते.

मातीचा आणखी एक गुण जाता जाता. इ.स.पू. ६१२मध्ये निनेवे शहर जळलं तेव्हा तिथल्या राजाच्या ग्रंथालयातल्या पाट्या आगीत भाजून आणखी पक्क्या झाल्या. ग्रंथालयाला आग लागून मजकूर वाचला, असं मातीशिवाय दुसऱ्या कुठल्या साधनाबाबत घडणं कठीण.

४. लिहिणं नव्हतं तेव्हा पाठ केलेला मजकूर पिढीगणिक बदलत गेला असणार ना?

गोष्टी बदलत, गाणी बदलत. पण काही परंपरांनी चूक पकडायची व्यवस्थाच पाठांतरात बसवली होती. वेदपठण हे त्याचं ठळक उदाहरण. तीन शब्द घ्या: एक, दोन, तीन. क्रमपाठात ते ‘एक-दोन, दोन-तीन’ असे जोडीने म्हणायचे. जटापाठात ‘एक-दोन, दोन-एक, एक-दोन’. घनपाठात ‘एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन’, आणि मग पुढच्या शब्दापासून पुन्हा हेच. मोठ्याने म्हणून बघा. एखादा शब्द गळला किंवा जागा चुकली तर घडी लगेच विस्कटते आणि ऐकणाऱ्याला कळतं. आजच्या संगणकांत निरोपासोबत जादा अंक पाठवून चूक शोधतात, त्याच जातीची ही युक्ती, फक्त यंत्राच्या जागी माणसाची जीभ.

आफ्रिकेत काँगो नदीकाठच्या बोलक्या ढोलांचंही तसंच. ढोलावर फक्त स्वरांचा चढउतार वाजतो, व्यंजनं वाजत नाहीत, त्यामुळे अनेक शब्द सारखेच ऐकू येतात. उपाय असा की एका शब्दाऐवजी ठरलेलं लांबलचक वाक्य वाजवायचं. लांबीमुळे गोंधळ मिटतो.

५. कागद कुणी शोधला?

चीनच्या दरबारातल्या त्साय लुन याचं नाव आणि इ.स. १०५ हे साल सांगितलं जातं. पण त्याच्या आधीच्या कागदाचे तुकडे चीनमध्येच सापडलेले आहेत, तेव्हा त्याने कृती सुधारली आणि ती राजदरबारी मान्य करवून घेतली असं म्हणणं बरोबर. आठव्या शतकात कागद बगदादला पोचला, युरोपात त्याहून बऱ्याच उशिरा. छपाईच्या कथेत सगळा मान यंत्राला मिळतो, पण कागद नसता तर त्या यंत्राला खायला घालायचं काय? एका बायबलच्या चर्मपत्रासाठी वासरांचा कळपच्या कळप लागे.

६. छपाई गुटेनबर्गने शोधली की चीनने?

हा प्रश्न बहुधा भांडणाच्या सुरात येतो. उत्तर तुकड्यांत द्यावं लागतं, कारण ‘छपाई’ या एका शब्दात चार-पाच वेगळे शोध दडले आहेत.

लाकडी ठशाची छपाई पूर्व आशियातली. सालाची नोंद असलेलं सर्वांत जुनं पूर्ण छापील पुस्तक म्हणजे चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेलं वज्रसूत्र हे बौद्ध सूत्र, इ.स. ८६८चं. आई-वडिलांच्या पुण्यासाठी फुकट वाटायला छापलं, असं त्यावर लिहिलं आहे. सुट्या खिळ्यांची, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांची, कल्पना चीनमधल्या बी शेंगची, १०४०च्या दशकातली, भाजलेल्या मातीचे खिळे. धातूच्या खिळ्यांनी छापलेलं कोरियातलं ‘जिकजी’ १३७७चं. म्हणजे गुटेनबर्गच्या बायबलच्या पाऊणशे वर्षं आधीचं.

मग गुटेनबर्गने काय केलं? पंधराव्या शतकातला, सोनारकामातला जर्मन माणूस तो. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू, जो लवकर वितळतो आणि साच्यात चांगला भरतो. हातात धरायचा साचा, ज्यातून एकाच मापाचे खिळे भराभर पडतात. दाब देण्यासाठी स्क्रूचा प्रेस, द्राक्षं पिळायच्या यंत्राच्या धर्तीवरचा. आणि शाई! याकडे कुणी बघत नाही. पाण्यातली शाई लाकडाला धरते, धातूवर तिचे थेंब होऊन ओघळतात. त्याने तेलात खललेली, चिकट, रंगासारखी शाई वापरली. ती नसती तर बाकीचे शोध कोरडेच राहिले असते.

चिनी लिपीत हजारो चिन्हं, तिथे पान कोरून काढणं परवडत होतं. लॅटिन वर्णमालेला थोड्या खिळ्यांत भागत होतं (तरी जोडाक्षरं आणि संक्षेप धरून त्याने २९०च्या आसपास निरनिराळे खिळे पाडलेच). कुणी पहिला आणि कुणी हुशार यापेक्षा लिपी आणि यंत्र यांचं जमलं कुठे, हे बघावं.

त्याचं पुढे काय झालं, असंही विचारतात. बायबलच्या सुमारे १८० प्रती छापल्या, आणि १४५५मध्ये भांडवल पुरवणाऱ्या फुस्टने दावा लावला. निकाल गुटेनबर्गच्या विरोधात गेला.

७. देवनागरी छापणं एवढं कठीण का होतं?

रोमन अक्षरं एका रांगेत उभी राहतात. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरं. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यासमोरच्या पेटीत त्यामुळे शेकडो निरनिराळे खिळे लागत. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं ते देवनागरीत. त्या काळी रोजचं मराठी मोडीत लिहिलं जाई, पण छापखान्यात देवनागरीने जम बसवला आणि मोडी हळूहळू दफ्तरात गेली. शिळाप्रेस हा सुटकेचा एक मार्ग होता: दगडावर तेलकट शाईने सरळ हाताने लिहायचं आणि त्यावरून छाप घ्यायचे. १७९६च्या सुमारास झेनेफेल्डरने काढलेली ही पद्धत. खिळे नकोत, जुळारी नको. वळणदार हात असलेला माणूस मिळाला की काम भागे.

ही अडचण संपलेली नाही, ती फक्त दुसऱ्या यंत्रात जाऊन बसली. प्रश्न १५ आणि १८ पाहा.

८. तैलरंग यान व्हॅन आइकने शोधला हे खरं आहे का?

नाही. ही समजूत सोळाव्या शतकातल्या एका चरित्रकाराने पसरवली. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांत सातव्या शतकाच्या मध्यातल्या भित्तिचित्रांत वाळणारी तेलं वापरल्याचं २००८मध्ये रासायनिक तपासणीतून दिसलं. व्हॅन आइक या पंधराव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकाराचं कसब होतं ते पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवण्यात. शोध लावणं आणि एखाद्या साधनाचा कस काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहास लिहिणाऱ्यांना पहिली फार प्रिय असते.

९. एका ट्यूबमुळे चित्रकला बदलली असं तुम्ही म्हणता. अतिशयोक्ती नाही का?

थोडी आहे. पण आधीची परिस्थिती डोळ्यासमोर आणा. तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून, दोऱ्याने बांधून विकत. हवा तेव्हा टाचणीने भोक पाडायचं, रंग पिळायचा, भोक खिळ्याने बुजवायचं. पिशवी मध्येच फुटे. भोक नीट बुजलं नाही तर रंग आतल्या आत वाळे. अशी पिशवी घेऊन कोण शेताच्या बांधावर जाऊन बसेल? बाहेर जाऊन टाचणं करायची आणि चित्र स्टुडिओत रंगवायचं, ही रीत त्यातूनच पडली.

जॉन गॉफ रँड हा लंडनमध्ये राहणारा अमेरिकन चित्रकार. १८४१मध्ये त्याने कथिलाच्या पिळता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं. झाकण फिरवून बंद केलं की रंग महिनोन्‌महिने ओला. त्याच दशकांत रसायनशास्त्राने नवे रंग दिले. अफगाणिस्तानातल्या खाणींतून येणारा लाजवर्दी निळा पूर्वी सोन्याच्या तोलाचा. १८२८मध्ये गिमे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला तो कृत्रिमरीत्या बनवल्याबद्दल बक्षीस मिळालं आणि निळा रंग सामान्य चित्रकाराच्या पेटीत आला. आगगाडीने शहराबाहेर जाणं सोपं झालं. मग पेटी उचलून नदीकाठी बसणारे, बदलत्या उजेडाचा पाठलाग करणारे चित्रकार दिसायला लागले. ट्यूबने त्यांना डोळे दिले असं मी म्हणत नाही. बाहेर बसता येईल एवढीच सोय तिने केली.

या मंडळींचं, म्हणजे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं, पहिलं प्रदर्शन १८७४मध्ये पॅरिसला भरलं, ते नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. कापुसिन बुलेव्हार या त्याच रस्त्यावर २१ वर्षांनी, २८ डिसेंबर १८९५ला, ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून चलचित्रं दाखवली. एका रस्त्याच्या नशिबी किती यावं!

१०. फोटो आल्यावर चित्रकारांचं काम गेलं का?

काहींचं गेलंच. हे टाळून ‘कला कधी मरत नाही’ असं म्हणणं सोपं, पण हस्तिदंतावर तळहाताएवढी व्यक्तिचित्रं काढून पोट भरणाऱ्यांना ते पटलं नसतं. १८३९मध्ये दागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढण्याची पद्धत फ्रेंच सरकारने जाहीर केली आणि काही वर्षांत तो धंदा बसला. त्यांतले काही जण स्वतःच छायाचित्रकार झाले, काही जण फोटो रंगवायला लागले.

‘हुबेहूब’ हे काम यंत्राने घेतल्यावर चित्रकलेला दुसरं काहीतरी शोधावं लागलं, हेही खरं. पण ते दुसरं शोधणारे वेगळे होते आणि पोट गेलेले वेगळे. एआयबद्दल बोलताना नेमका हाच फरक विसरला जातो. प्रश्न १९ पाहा.

११. अगदी जुन्या फोटोंत रस्ते ओस का दिसतात?

माणसं होती, पण थांबली नाहीत. दागेरने १८३८मध्ये पॅरिसच्या तांप्ल बुलेव्हारचा फोटो खिडकीतून घेतला. पट्टीवर प्रकाश कित्येक मिनिटं पडू द्यावा लागे, त्यामुळे चालती माणसं आणि घोडागाड्या उमटल्याच नाहीत. खालच्या कोपऱ्यात मात्र एक माणूस दिसतो, एक पाय उचलून उभा: बूट पॉलिश करून घेत होता, म्हणून स्थिर राहिला. फोटोत ओळखता येणारा बहुधा पहिला माणूस हा. कोण होता, त्याला स्वतःला तरी कधी कळलं का, देव जाणे.

१२. गाणी तीन-साडेतीन मिनिटांचीच का असतात?

सवय लावली ती तबकडीने. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. लोकप्रिय गाणं त्या मापात शिवलं गेलं. तासभर रंगणाऱ्या रागालाही तिथे तीन मिनिटांत उभं राहावं लागलं. १९०२मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रण करणारी गौहर जान गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते आजही ऐकू येतं. १९४८मध्ये लाँग प्ले आली, एका बाजूला वीस मिनिटांच्या वर मावू लागलं, पण तोवर कानांना ते माप लागलेलं होतं.

लांबीइतकाच महत्त्वाचा फरक आवाजाचा. १९२५पर्यंत गायक भोंग्यात तोंड घालून गात. सुईला हलवायला नुसत्या आवाजाचाच जोर, त्यामुळे मोठा आणि टोकदार आवाज लागे. व्हायोलिन ऐकूच येईना, म्हणून त्याला धातूचा कर्णा जोडून एक वेगळं वाद्य केलं गेलं! मायक्रोफोन आला आणि कानाशी कुजबुजल्यासारखं गाणं शक्य झालं. आज ज्याला आपण ‘मुलायम गळा’ म्हणून दाद देतो, तो त्याआधी मोठ्या सभागृहात तिसऱ्या रांगेपुढे पोचला नसता.

१३. आवाज पहिल्यांदा पकडला तो एडिसननेच ना?

पकडून परत ऐकवला तो एडिसनने, १८७७मध्ये. पण पकडला होता त्याआधी. स्कॉट दे मार्टिनव्हिल या पॅरिसच्या छपाई-व्यवसायातल्या माणसाने १८५७मध्ये काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवणारं यंत्र नोंदवलं. ऐकायचा त्याचा विचारच नव्हता, आवाज डोळ्यांनी वाचता येईल अशी त्याची आशा होती. १८६०मध्ये काढलेली त्यातली एक रेघ शास्त्रज्ञांनी २००८मध्ये संगणकाच्या मदतीने वाजवली: एक फ्रेंच लोकगीत, जेमतेम काही सेकंदांचं. आधी वाटलं लहान मुलगी गाते आहे. मग लक्षात आलं की वेग दुप्पट धरला होता. नीट लावल्यावर संथ पुरुषी आवाज निघाला, बहुधा त्याचाच.

१४. तार आल्याने असं काय मोठं झालं? निरोप तर आधीही जात होते.

जात होते, पण माणसाच्या पायांनी, घोड्याच्या टापांनी किंवा जहाजाच्या शिडांनी. अपवाद धूर, ढोल (प्रश्न ४) आणि १७९४पासून फ्रान्समध्ये चालू झालेले शापचे हात हलवणारे मनोरे. त्यांना दिवस, ऐकू येण्याइतकं अंतर किंवा स्वच्छ हवा लागे. १८४४मध्ये मॉर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला निरोप पाठवला आणि बातमीला वाहनाची गरज उरली नाही.

समुद्राखालची गोष्ट अधिक रंजक. तार पाण्यात घालायची तर तिला पाणी लागू न देणारं वेष्टण हवं. रबर तिथे टिकेना. मलाया भागातल्या एका झाडाच्या चिकापासून मिळणारं गटापर्चा कामी आलं. थंड, खोल पाण्यात ते उत्तम टिकतं. १८५८मध्ये अटलांटिकखालून पहिली तार जोडली. इंग्लंडच्या राणीचा ९८ शब्दांचा निरोप जायला सुमारे १६ तास लागले, आणि विजेचा दाब वाढवून तार सुधारण्याच्या नादात तीन आठवड्यांत ती कायमची मुकी झाली. १८६६मध्ये पुन्हा टाकलेली टिकली.

तारेने लिहिण्यावरही हात फिरवला. शब्दागणिक पैसे, म्हणून क्रियापदं गळाली, मायना गेला. पुढे एसएमएसने तेच केलं.

१५. मराठीत एसएमएस लिहिला की जागा निम्म्याहून कमी का व्हायची?

एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट, म्हणून १६० अक्षरं. देवनागरी चिन्हाला १६ बिट, म्हणून ७०. त्यातही ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्याला एक अक्षर, पण यंत्राला ती सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. सत्तरावं चिन्ह ओलांडलं की दुसऱ्या एसएमएसचे पैसे. मराठी माणसाला ‘तू कुठे आहेस’ रोमन अक्षरांत लिहायची सवय लागली, त्याला आळस म्हणून हिणवतात. त्या आळसामागे हे गणितही होतं, आणि देवनागरी न दिसणारे हँडसेटही.

१६. इंटरनेट आणि वेब एकच का?

नाही. इंटरनेट म्हणजे रस्ते, वेब म्हणजे त्यांवरून धावणारी एक सेवा. रस्त्यांच्या पूर्वजावरून, आर्पानेटवरून, पहिला निरोप २९ ऑक्टोबर १९६९ला गेला. ‘लॉगिन’ पाठवायचं होतं, पहिली दोन अक्षरं पोचली आणि यंत्रणा कोसळली. वेबचा प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये मांडला. ते जिथे काम करत त्या सर्न संस्थेने ३० एप्रिल १९९३ला वेब सर्वांसाठी मोफत खुलं केलं. माझ्या मते ती तारीख पहिल्या निरोपापेक्षा मोठी.

१७. नवीन साधन आलं की जुनं मरतं ना?

काही मरतात. भारतातली तारसेवा जुलै २०१३मध्ये थांबली आणि ती परत येणार नाही, कारण तिचं काम दुसऱ्याने जसंच्या तसं घेतलं. पण ज्या साधनात कामाबाहेरचंही काही असतं, ते नोकरी सोडून छंदात किंवा कलेत शिरतं. अमेरिकेत २०२२मध्ये तबकड्यांची विक्री नगांमध्ये सीडीपेक्षा जास्त झाली, असं १९८७नंतर पहिल्यांदाच घडलं. सुलेखन, खिळ्यांची हातछपाई, फिल्मचा कॅमेरा, सगळ्यांची हीच गत.

१८. डिजिटल केलं म्हणजे कायमचं जपलं ना?

अजिबात नाही, आणि हे उत्तर मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाइप केलेला माझा बराच मजकूर युनिकोड (प्रत्येक लिपीच्या चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये होता. फाइल उघडते, हरवलेलं काही नाही, पण पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांचा खच. कारण त्या फाइलमध्ये मराठी नव्हतीच कधी. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक होते आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवत होता. फॉन्ट गेला, मुखवटा गेला. एक लेख मी कागदी प्रत समोर ठेवून पुन्हा टाइप केला. म्हणजे जपला कुणी, कागदाने!

मोठ्या प्रमाणावर हेच इंग्लंडमध्ये घडलं. १०८६च्या डूम्सडे या जमीन-नोंदवहीच्या ९०० वर्षांनिमित्त बीबीसीने १९८६मध्ये देशभराची माहिती खास लेझर डिस्कवर भरली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवायला तज्ज्ञ बसवावे लागले. चर्मपत्रावरची १०८६ची मूळ वही आजही वाचता येते. निनेवेच्या भाजलेल्या पाट्या (प्रश्न ३) आठवा.

१९. नव्या साधनाला लोक नेहमी घाबरतात. एआयची भीतीही तशीच फुकाची नाही का?

भीती नेहमीची, हे खरं. फुकाची हे नाही. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की लिहिण्याने स्मरणशक्ती जाईल. आपल्याला हे ठाऊक आहे ते प्लेटोने लिहून ठेवलं म्हणून, हा विनोद सगळे करतात. पण हजारो ओळी मुखोद्गत असणारी माणसं कमी झाली की नाही? १४९२मध्ये ट्रिथेमियस या जर्मन मठाधिपतीने हाताने नक्कल करणाऱ्यांची बाजू घेत छापील कागद फार टिकणार नाही असं लिहिलं, आणि ते लिखाण १४९४मध्ये छापून घेतलं. त्याच्यावरही हसतात. प्रश्न १८ वाचून मग हसा. १९०६मध्ये संगीतकार सूझाने इशारा दिला की यंत्रातलं संगीत आलं की लोक स्वतः गाणं-वाजवणं सोडतील. बऱ्याच अंशी सोडलं.

घाबरणारे बहुधा काय जाणार हे बरोबर सांगतात. काय येणार ते मात्र त्यांना दिसत नाही. उत्साही मंडळींचं याच्या नेमकं उलट.

२०. एआयने काढलेल्या चित्राचा मालक कोण?

देशागणिक उत्तर वेगळं. अमेरिकेत कॉपीराइटला माणूस कर्ता लागतो. यंत्रालाच कर्ता म्हणून नोंदवण्याचा दावा तिथल्या अपील न्यायालयाने मार्च २०२५मध्ये फेटाळला. माणसाने त्यात किती भर घातली की तो कर्ता ठरतो, यावर वाद चालूच आहे. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात संगणकनिर्मित कृतीसाठी वेगळं कलम आहे: ती घडवण्याची व्यवस्था करणारा तो कर्ता. भारतीय कायद्यातही कृती ‘घडवून आणणारी व्यक्ती’ असा उल्लेख आहे. पण ही कलमं लिहिली तेव्हा एका वाक्यावरून चित्र काढणारं यंत्र कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतं.

हा वाद फोटोनेही पाहिला आहे. १८८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर ऑस्कर वाइल्डच्या एका फोटोचा खटला आला. प्रतिवादीचं म्हणणं, फोटो यंत्र काढतं, त्यात कर्ता कुठला? न्यायालयाने सांगितलं, बसवणं, कपडे, पडदे, प्रकाश हे छायाचित्रकाराने ठरवलं, म्हणून कृती त्याची. आजचे दोन्ही पक्ष हाच निकाल आपापल्या बाजूने वाचतात.

२१. घरातल्या मोठ्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा आहे. नेमकं काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, म्हणून शेवटी. साधा मोबाइल पुरतो. पंखा बंद करा आणि फोन तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. मूळ फाइल शक्यतो वेव्हमध्ये ठेवा, पाठवायला एमपीथ्री करा. तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरात. चार-पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्या, आणि उतरवल्यावर फाइल वाजवून बघा, नुसती मोजू नका.

आणि एका कागदावर पेन्सिलीने लिहा: कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, कुठल्या तारखेला, मध्येच हसतंय ते कोण. जुन्या कॅसेटी ऐकताना मी अडतो तो इथेच. आवाज स्वच्छ येतो, आणि तो कुणाचा हे सांगणारं घरात कुणी उरलेलं नसतं.